शिंगं पुढे, शेपूट मागे

बँकेतल्या कारकुनाकडे परीक्षणासाठी कोणी पुस्तक पाठवत नाही. पाठवलंच तर पासबुक पाठवतात, आणि त्यावरचा अभिप्रायसुद्धा शिक्क्याच्या रूपानं मागतात. त्यामुळे आज मी ज्या दोन पुस्तकांचं परीक्षण करायला बसलो आहे, ती मला कोणी पाठवलेली नाहीत. एक आजोबांच्या ट्रंकेत सापडलं आणि दुसरं नोकरी लागल्यावर मी भीतीपोटी विकत घेतलं. पहिलं म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि दुसरं रेन व मार्टिन या जोडगोळीचं इंग्रजी व्याकरण. दोन्ही इतकी जुनी आणि नावाजलेली आहेत की, आता त्यांच्यावर अभिप्राय देणं म्हणजे सिंहगडाची वास्तुशांत करण्यासारखं आहे. पण माझं भांडण सबंध पुस्तकांशी नाहीच. ते आहे चार-सहा पानांशी. कोणत्या इंग्रजी क्रियापदापुढे कोणतं प्रिपोझिशन लावायचं, याची यादी ज्या पानांवर असते त्या पानांशी.

आता पाहा, ‘पानांशी भांडण’ असं मी सहज लिहून गेलो. ‘पानांवर भांडण’ किंवा ‘पानांना भांडण’ असं माझ्या हातून झोपेतसुद्धा झालं नसतं. मग इंग्रजी लिहायला बसलं की हाच हात असा लटपटायला का लागतो?

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी रजेचा अर्ज केला, ‘आय ॲम सफरिंग बाय फीव्हर.’ मॅनेजरसाहेबांनी लाल पेन्सिलीनं ‘बाय’ खोडलं, वर ‘फ्रॉम’ लिहिलं आणि रजा मंजूर केली. रजा मिळाली, पण त्या ‘फ्रॉम’नं माझा ताप वाढला. मराठी माणूस तापानं आजारी पडतो. तापानं म्हणजे ‘बाय’. ‘फ्रॉम’ म्हणजे पासून किंवा हून. मी तापाच्या गावाहून थोडाच आलो होतो? शिवाय मी पडलो कॉमर्सवाला. आम्हाला दोनच प्रिपोझिशनं येतात, खतावणीच्या डाव्या बाजूला ‘टु’ आणि उजव्या बाजूला ‘बाय’. का, ते आमच्या प्राध्यापकांनाही ठाऊक नव्हतं.

पुढच्याच महिन्यात एका पत्राच्या मसुद्यात मी लिहिलं, ‘द पार्टी इज अँग्री ऑन अस.’

साहेब म्हणाले, “पार्टी काय आपल्या डोक्यावर चढून बसली आहे? ‘विथ’ लिहा.”

“साहेब, विथ म्हणजे बरोबर. म्हणजे पार्टी आणि आपण मिळून रागावलो आहोत का?”

“या क्षणाला तरी मी आणि पार्टी मिळून तुमच्यावर रागावलो आहोत,” साहेब म्हणाले.

पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की, माझी यातली एकही चूक अडाणीपणाची नव्हती. प्रत्येक चुकलेल्या प्रिपोझिशनच्या मागे एक बरोबर मराठी प्रत्यय हात जोडून उभा होता. आपलं लग्न कोणाशी तरी होतं, म्हणून आपण ‘मॅरीड विथ’ लिहितो. इंग्रज तिथे ‘टु’ लिहितो. आपल्याला चहापेक्षा कॉफी आवडते, म्हणून आपण ‘प्रिफर’पुढे ‘दॅन’ लिहितो. तो तिथेही ‘टु’च लिहितो. म्हणजे त्याचा ‘टु’ लग्नालाही हजर आणि कॉफीलाही. आपण एखाद्या प्रश्नाबद्दल चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. तो तिथे काहीच लिहीत नाही. उलट जिथे दोन्ही भाषांचं मेतकूट जमतं तिथे आपण कधी चुकत नाही. आपलं सगळं पावसावर अवलंबून असतं, त्यामुळे ‘डिपेंड ऑन’ कोणी शिकवावं लागत नाही. आपण भातावर जगतो, म्हणून ‘लिव्ह ऑन राइस’ आपोआप येतं.

खरी अडचण अशी की, मराठी शब्दाला शेपूट असतं आणि इंग्रजी शब्दाला शिंगं. आपण ‘धरण’ हा शब्द घेतो, त्याचं ‘धरणा’ असं सामान्यरूप करतो आणि मागे शेपूट जोडतो: धरणावर, धरणाखाली, धरणाकडे, धरणातून. इंग्रजी धरण मात्र अंगाला हात लावू देत नाही. ते जसंच्या तसं उभं राहतं आणि ‘ऑन’, ‘बिलो’, ‘टु’ ही शिंगं आधी पुढे येतात. आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शेपूट पिरगाळायची सवय. शिंगांना हात घातला की बैल मारतो, यात नवल ते काय?

त्यातून आपली शेपटं हरहुन्नरी. शाळेत आपण ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ असं घोकलं. त्यातला एकटा ‘ला’ घ्या. मी भंडारदऱ्याला राहिलो, मी भंडारदऱ्याला गेलो, भंडारदऱ्याला पावसाचं वावडं नाही. तिन्ही ठिकाणी ‘ला’! आमच्या शाखेतला शिपाई जसा सकाळी कुलूप काढतो, दुपारी व्हाउचरं नेतो आणि चार वाजता चहाही आणतो, तसा हा ‘ला’ आहे. इंग्रजीनं याच कामाला तीन माणसं नेमली आहेत आणि एकानं दुसऱ्याच्या टेबलाला हात लावायचा नाही असा तिथे युनियनचा नियम आहे.

आता पुस्तकांकडे वळतो. मराठीचं व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली छापलं. पाठमालेचे तर्खडकर ते हे नव्हेत. हे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर. आडनाव एकच असल्यामुळे मी कित्येक वर्षं एकाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यात जमा करत होतो. बँकेत असं केलं असतं तर चौकशी लागली असती. या पाठमालेचे तीन भाग. रीत अशी की थोडे शब्द द्यायचे आणि लगेच त्यांना कामाला जुंपायचं. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. आमच्या आजोबांच्या पिढीनं याच रस्त्यानं इंग्रजी गाठलं. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे ‘टु’ असो की ‘विथ’, तो तुम्हाला वाक्यात, अंगावर कामाचे कपडे घातलेला असा भेटतो. आणि शेजारी त्याचा मराठी भाऊबंद उभा असल्यामुळे दोघांत कुठे बिनसतं तेही दिसतं. दोष एकच. ही पाठमाला शेवटपर्यंत न्यायला आजोबांचा धीर लागतो. माझी गाडी पहिल्या भागातच रुळावरून घसरली.

रेन आणि मार्टिनचं तसं नाही. यातले पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हिंदुस्थानात शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि नंतर कादंबरीकार म्हणून गाजले. १९२४ सालची त्यांची ‘बो जेस्ट’ ही कादंबरी वाळवंटात लढणाऱ्या फ्रेंचांच्या परदेशी पलटणीची आहे आणि तिच्यावर सिनेमेही निघाले. हे कळल्यावर मला त्या यादीचा उलगडा झाला. ती यादी नाहीच, कवायत आहे. क्रियापदं अकारविल्हे रांगेत उभी आणि प्रत्येकाच्या खांद्यावर त्याचं ठरलेलं प्रिपोझिशन. ‘ॲक्यूज’ला ‘ऑफ’, ‘चार्ज’ला ‘विथ’, ‘ब्लेम’ला ‘फॉर’. चोर तोच, चोरी तीच, पण आरोप ठेवणाऱ्यानं क्रियापद बदललं की हत्यारही बदलायचं. का, ते विचारायचं नाही. पलटणीत प्रश्न विचारत नाहीत. पुढे रिकाम्या जागा दिलेल्या असतात, त्या भरायच्या आणि सलाम ठोकून निघायचं.

मी ती यादी पाढ्यांच्या चालीवर पाठ केली. बढतीच्या परीक्षेत रिकाम्या जागांचे सगळे मार्क मिळवले. बढती काही मिळाली नाही, पण ‘प्रिपोझिशनमधला जाणकार’ अशी कीर्ती झाली. अशी कीर्ती वाईट. तिला पगारवाढ नसते आणि लोक मात्र विश्वास ठेवतात.

ही कीर्ती घेऊन मी बदलीवर भंडारदऱ्याच्या बाजूच्या एका शाखेत आलो. अकोले तालुक्याचं हे डोंगरातलं टोक. जून लागला की व्हाउचरं वातड होतात, शिक्क्याच्या पॅडला बुरशी येते आणि धुक्यातून एकदम काउंटरवर घोंगडी प्रकटते. आत माणूस आहे हे ती बोलल्यावर कळतं. धरण १९२६ साली पुरं झालं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं म्हणून ते विल्सन डॅम, आणि मागच्या तलावाला म्हणतात आर्थर लेक. म्हणजे धरण एका साहेबाचं, तलाव दुसऱ्या साहेबाचा आणि पाणी तेवढं प्रवरेचं. ते पाणी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे जातं आणि तिथे त्याचा ऊस होतो. पाहुणे येतात ते फॉल बघायला. धरणातून पाणी सोडलं की गोल कातळावरून छत्रीसारखं पसरतं तो अंब्रेला फॉल आणि खाली नदीवर रंधा फॉल. आमच्या शाखेत मात्र तिसराच फॉल प्रसिद्ध होता, हप्त्यांचा. त्याला इंग्रजीत ‘फॉल बिहाइंड’ म्हणतात आणि तो बाराही महिने वाहतो.

त्या फॉलखाली एक बाबा उभे होते. कळसूबाईच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. बैलजोडीसाठी त्यांनी कर्ज उचललं होतं. २००८ साली केंद्र सरकारनं साठ हजार कोटींची शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली तेव्हा ते त्यात बसले नाहीत, कारण त्यांचं कर्ज माफीच्या तारखेनंतरचं होतं. जोडीतला एक बैल दुसऱ्याच पावसाळ्यात गेला. एका बैलानं नांगर चालत नाही, आणि अर्ध्या जोडीचा अर्धा हप्ता घ्यायची सोय कोणत्याही बँकेत नाही.

अशी काही वर्षं गेल्यावर एका दिवाळीच्या सुमारास वरच्या कचेरीतून खात्यांची एक यादी आली. वर लिहिलं होतं, ही खाती ‘रिटन ऑफ’ करण्यात आली आहेत. यादीत बाबांचं खातं होतं. मॅनेजरसाहेब रजेवर होते, बाबा समोर उभे होते आणि प्रिपोझिशनमधला जाणकार काउंटरवर होता.

माझा हिशेब सरळ होता. कर्जमाफीच्या वेळी इंग्रजी पेपरांतून आणि बोलण्यातून सगळीकडे ‘लोन वेव्ह्ड ऑफ’ चाललं होतं. तिथे ‘ऑफ’ म्हणजे कर्ज उडालं. इथेही ‘ऑफ’. शिवाय बी.कॉम.ला शिकलो होतो की बुडीत रक्कम खर्ची टाकली की ऋणकोचं खातं बंद. मी बाबांना म्हटलं, “बाबा, सुटलात! तुमचं कर्ज गेलं.”

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी काउंटरच्या लाकडाला हात लावून तो कपाळाला लावला. महिन्याभरानं ते पुन्हा आले ते नव्या तांदळाची पुरचुंडी घेऊन. मी नको नको म्हटलं, पण मनातून मला फार बरं वाटलं. इंग्रजीचा इतका रोख उपयोग आयुष्यात प्रथमच होत होता.

मार्चमध्ये वसुलीची धामधूम सुरू झाली आणि बाबांना नोटीस गेली. मुद्दल, व्याज, सगळं जसंच्या तसं. ती घडी घातलेली नोटीस घेऊन ते आले. आवाज चढला नाही की काही नाही.

“सायेब, तुम्ही म्हणला गेलं. मंग हे काय परत आलं?”

मी नोटीस घेऊन मॅनेजरसाहेबांकडे धावलो. ते म्हणाले, “अहो, राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे! येणं वसूल होण्याची आशा उरली नाही म्हणून बँकेनं तरतूद करून ते आपल्या ताळेबंदातून काढलं. ताळेबंद स्वच्छ दिसावा म्हणून. पार्टीचं देणं आहे तिथेच आहे, शाखेनं वसुली चालूच ठेवायची. माफी म्हणजे ‘वेव्ह’. आणि त्याला तर ‘ऑफ’ लागतच नाही, लोक उगाच लावतात.”

मी घरी येऊन पाहिलं तर खरंच. माफ करायला ‘वेव्ह’ एकटं पुरेसं असतं. त्याच उच्चाराचा, पण निराळ्या स्पेलिंगचा दुसरा ‘वेव्ह’ आहे. त्याच्यापुढे ‘ऑफ’ लावलं तर हात हलवून निरोप देणं होतं. मी बाबांना नेमकं तेच केलं होतं. हात हलवून निरोप दिला होता.

व्याकरणाचे पंडित इथे मला अडवतील आणि म्हणतील की ‘राइट ऑफ’मधला ‘ऑफ’ हा प्रिपोझिशनच नव्हे, ते क्रियाविशेषण आहे. असेल. नोटीस ज्याच्या हातात येते त्याला दोन्ही सारखंच लागतं.

त्या दिवशी मात्र मला काउंटरवर परत जाऊन बाबांना समजावून सांगायचं होतं. मी ताळेबंद म्हणालो, तरतूद म्हणालो, तांत्रिक बाब म्हणालो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी सायेब, वहीतून काढलं. गळ्यातून नाय.”

मी पाहतच राहिलो. जे मला बी.कॉम. होऊन, यादी पाठ करून आणि साहेबांचं व्याख्यान ऐकून धड सांगता आलं नाही, ते त्यांनी दोन ‘तून’मध्ये सांगितलं होतं. मग बाहेरच्या पावसाळी डागांच्या भिंतीकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखे ते म्हणाले, “आमचं असंच हाय. धरण आमच्यात, पानी दुसऱ्याकडं.”

मी म्हटलं, “बाबा, चूक माझी झाली. तो तांदूळ मी खाल्ला. त्याचे पैसे तरी घ्या.”

“तांदूळ तुमाला दिला व्हता,” बाबा म्हणाले, “कर्जाला नाय.”

त्या रात्री मी रेन-मार्टिनची यादी पुन्हा काढली. पाठ करायला नाही, या वेळी काम होतं. एकरकमी तडजोडीची योजना तेव्हा चालू होती आणि बाबांच्या वतीनं वर अर्ज पाठवायचा होता. एवढ्या काळजीनं मी एकही इंग्रजी कागद लिहिलेला नाही. ‘सेटल’ या एकाच क्रियापदाशी मी अकरा वाजेपर्यंत झुंजत होतो. ‘सेटल विथ हिम’ म्हणजे त्यांच्याशी तडजोड करा. ‘सेटल फॉर’ म्हणजे इतक्यावर समाधान माना. ‘सेटल डाउन’ म्हणजे बस्तान बसवा. आणि पुढे काहीच न लावता नुसतं ‘सेटल हिम’ लिहिलं असतं, तर म्हाताऱ्याचा एकदा निकाल लावा असा अर्थ निघाला असता! कार्बन कॉपीचा जमाना नव्हता, संगणक होता. तरी मी आधी कागदावर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. प्रत्येक प्रिपोझिशनपाशी थांबून स्वतःला विचारलं, यानं बाबांचं काय होईल? हा प्रश्न मला आजवर कोणत्याही रिकाम्या जागेनं विचारला नव्हता.

तडजोड मंजूर झाली. बाबांनी उरलेला बैल विकून आणि मुलाच्या मजुरीतून पैसे भरले. ‘नो ड्यूज’चा दाखला मी स्वतः त्यांच्या हातात दिला आणि पुढेमागे काहीही न बोलता एवढंच सांगितलं, “बाबा, आता गळ्यातूनही गेलं.” त्यांनी दाखला सगळीकडून उलटसुलट करून पाहिला. माझ्या शब्दाला लागलेलं ते व्याज होतं आणि ते मी मुकाट्यानं भरलं.

तेव्हा परीक्षकाचा अभिप्राय असा. रेन आणि मार्टिन यांची यादी बरोबर आहे. तिच्यात चूक काढायची माझी प्राज्ञा नाही. पण तिच्यात माणूस नाही. कोणतं प्रिपोझिशन लावायचं ते ती सांगते. ते लावल्यानं कोणाचं काय होतं, ते सांगत नाही. आमच्या शिकवण्यांनी आणि गाइडांनी मूळ पुस्तकातलं बाकीचं सगळं सोडलं आणि नेमकी ही यादी उचलली. तर्खडकरांची पाठमाला आज जुनाट वाटेल, पण शेजारी मराठी ठेवून शिकवण्याचा तिचा बाणा खरा होता. इंग्रजी शिंगं धरायची असतील, तर एक हात आपल्या शेपटावर असावा. फोनमधलं यंत्र हल्ली चुकलेल्या प्रिपोझिशनखाली लाल रेघ मारतं, मॅनेजरसाहेबांच्या पेन्सिलीसारखी. मारू दे. ‘रिटन ऑफ’खाली ते रेघ मारणार नाही, कारण त्यात चूक काहीच नव्हती. चूक वाचणाऱ्यात होती.

हे सगळं लिहीत होतो तेवढ्यात आमची कन्या वही घेऊन आली. ती इंग्रजी माध्यमात, सातवीत. ‘मॅरीड टु’ आणि ‘अँग्री विथ’ तिला जन्मजात येतं. म्हणाली, “पप्पा, माझी मदत करा ना, मराठीचा होमवर्क आहे.”

मी म्हटलं, “‘माझी मदत’ नाही. ‘मला मदत’. ‘माझी’ हे हिंदीतून आलंय.”

“पण तुम्हाला कळलं ना?”

हाच प्रश्न. मलाही त्या दिवशी काउंटरवर सगळं कळलं होतं. पण हे तिला कसं सांगणार? मी लाल पेन्सिल पुढे केली. तिनं सुस्कारा टाकून ‘मला’ म्हटलं, मग मी मदत केली. विभक्तीची उदाहरणं लिहायची होती. पंचमीपाशी ती अडली.

“ऊन, हून. एक वाक्य सांगा ना.”

मी सांगितलं, “वहीतून काढलं, गळ्यातून नाही.”

तिनं लिहून घेतलं, दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे काय, पप्पा?”

“तू आधी बाकीच्या विभक्ती पुऱ्या कर,” मी म्हटलं. “हे सांगायला जरा वेळ लागेल.”